सांगलीवाडीच्या मळीचं देणं

पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट चढलं. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कराडच्या कृष्णा पुलाशी किती चढलं, बहे, ताकारी, भिलवडी करत ते पाणी इथं कधी पोचणार, याचा हिशोब चहाच्या गाड्यावर मांडला जातो. या सगळ्या हिशोबात पुलाचं एकच टोक धरलेलं असतं, टिळक चौकाच्या बाजूचं. दुसरं टोक सांगलीवाडीत उतरतं. आयर्विनला ४० फूट झाले की शहराला इशारा मिळतो, पण तोवर वाडीच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, पाणी कधीच पसरलेलं असतं. ते तिथं पसरलं नसतं तर शहराच्या बाजूचा आकडा काय झाला असता, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं त्याबद्दल आहे. सांगली शहर सांगलीवाडीचं आणि हरिपूरचं देणं लागतं, ते रोख द्यायला हवं, आणि ते दिलं नाही तर ही मळी आमच्या डोळ्यांदेखत प्लॉट पाडून संपेल.

सांगली तशी अलीकडची राजधानी. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला गादी आणली. मग कृष्णेच्या डाव्या काठावर किल्ला, गणपतीचं देऊळ, पेठा, घाट असं शहर वसत गेलं. उजव्या काठावरची वाडी शेतीचीच राहिली. आयर्विन पूल १९२९ मध्ये झाला. त्याआधी पलीकडचा माणूस, दूध, भाजी, वैरण सगळं नावेतून यायचं आणि नदी दुथडी भरली की दोन्ही काठांचा संबंध तुटायचा. दगडी कमानींचा हा पूल झाला आणि वाडी शहराचा पश्चिमेकडचा दरवाजा झाली. आष्टा आणि पेठ नाक्याकडून येणारी वाट आजही तिच्यातून सांगलीत शिरते. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून महानगरपालिका झाली. वाडी आज तिच्याच हद्दीत आहे, घरपट्टी शहराची भरते, पण पहाटे गोठ्यात दिवा लागतो आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाक्या पुलावरून शहराकडे निघतात. तालमी आहेत, होड्यांच्या शर्यती आहेत, काठावर मगर दिसली की पोरं पाण्यापासून लांब राहतात. शहराचं उपनगर आणि नदीचं गाव, दोन्ही एका ठिकाणी.

या गावाचा जीव मळीत आहे. मळी म्हणजे पुराने वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्यांना जी चव आहे ती या गाळाची. पाणी उतरल्यावर वरचा थर वाळतो, त्याला भेगा पडतात, आणि बोटाने उचकटलं तर वरचा पापुद्रा आणि खालची ओल वेगवेगळी हाताला लागते. जुने शेतकरी त्या ओलीवर पेरायचे. पावसाळ्यात मळी नदीची आणि दिवाळीपासून माणसाची, अशी वाटणी होती. घरं मात्र उंचावर, पांढरीत. काळी पिकवायला, पांढरी राहायला. कृष्णेच्या खोऱ्यातली जुनी गावं पाहिली तर हीच मांडणी दिसते. ही वाटणी मोडण्यात शेतकऱ्याचाही हात आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. उपसा योजना आल्या, साखर कारखाना आला, आणि मळीत ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात राहतो, म्हणजे पावसाळ्यातही तो नदीच्या जागेत असतो. पाणी एक-दोन दिवसांत ओसरलं तर तो तगतो. आठवडाभर बुडून पोंग्यात गाळ बसला की कुजतो. २०१९ मध्ये तसंच झालं. पाणी उतरलं तेव्हा ऊस उभा दिसत होता, पण रानात पाय ठेवला की कुजल्याचा वास यायचा.

पण ऊस कापला जातो, रान पुन्हा मोकळं होतं. एकदा टाकलेला भराव परत निघत नाही, म्हणून मला खरी भीती भरावाची वाटते.

हरिपूरची गोष्ट इथं सांगायला हवी. सांगलीपासून जवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हे गाव. संगमेश्वराचं देऊळ, चिंचांचा रस्ता, आणि १८५५ मध्ये इथंच जन्मलेले नाटककार गोविंद बल्लाळ देवल, एवढं बाहेरच्यांना ठाऊक असतं. व्यापाऱ्यांना हरिपूर ठाऊक आहे ते हळदीच्या पेवांमुळे. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी ही कोठारं. तळाला आणि कडेला पाला, चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत हवा राहत नाही, त्यामुळे कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडताना लगेच कुणी उतरत नाही. तोंड काही तास मोकळं ठेवतात, आत कंदील सोडून पाहतात, तो विझला नाही तरच माणूस खाली जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या हळदीच्या लौकिकात या पेवांचा वाटा मोठा आहे.

संगमाच्या गावात जमिनीच्या पोटात माल ठेवायचं धाडस कुणी उगाच करत नाही. कुठवर पाणी येतं, कुठली माती कोरडी राहते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं त्यांनी त्या जागा निवडल्या. पेवं टिकली म्हणजे त्यांचा अंदाज खरा होता. २००५ च्या पुरात पाणी त्या पेवांत शिरलं. हळदीचं मोठं नुकसान झालं, अनेक पेवं त्यानंतर पुन्हा भरली गेलीच नाहीत. मला या घटनेत एका व्यापाराच्या नुकसानीपेक्षा जास्त काही दिसतं. नदीची वागणूक बदलल्याची ती साक्ष होती, आणि ती नकाशा किंवा अहवाल येण्याआधी मिळालेली होती. सांगलीने ती हळदीच्या बाजारभावाच्या बातमीसारखी वाचली आणि सोडून दिली.

त्यानंतर काय झालं ते आयर्विनच्या आकड्यांत आहे. २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर, २०२१ च्या जुलैत जवळपास ५५ फूट. वाडीतल्या एका ओळखीच्या घरात ओसरीच्या भिंतीवर या तिन्ही खुणा आहेत. २००५ ची रेघ खिडकीच्या खालच्या गजाशी, २०२१ ची तिच्या फूटभर वर, आणि २०१९ ची दाराच्या चौकटीच्या माथ्याशी. घराला नंतर रंग दिला, पण तेवढा पट्टा रंगवला नाही. घरातल्या आजी म्हणाल्या, ‘राहू दे, पुढच्या पोरांना माळ्यावर सामान कधी न्यायचं ते कळेल.’

पाणी का चढतं, याचं आमच्याकडे तयार उत्तर आहे, अलमट्टी. कर्नाटक त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला निघालं आहे, आणि त्याला विरोध करायलाच हवा. नदीचा उतार इकडे आधीच कमी आहे, खाली धरणाची पातळी एक मीटर जरी वाढली तरी त्याचा हिशोब मागण्याचा हक्क आपला आहे. पण अलमट्टीचं नाव घेतलं की आमच्या हातून काय झालं ते विचारायची गरज उरत नाही, ही सवय घातक आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीकडे बोट दाखवलं, तसंच पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही. त्या दुसऱ्या बोटाकडे सांगलीत कुणाला बघायचं नसतं.

कारण ती अतिक्रमणं परक्या कुणी केलेली नाहीत. गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकण्यात सांगलीइतकं पुढे गेलेलं शहर महाराष्ट्रात क्वचितच असेल. काळ्या रानात दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पडले, स्टँपवर व्यवहार झाले, नाले बुजले, आणि मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची ठरली, पुढे ती मुदत ३१ डिसेंबर २०२० वर आली. ज्यांनी घरं बांधली ते बहुतेक गरीब आणि मध्यमवर्गीय, त्यांना बेघर करा असं मी म्हणणार नाही. पण शहरातल्याच शामरावनगरात साध्या पावसाने महिनोन्‌महिने पाणी साचतं ते कोयनेमुळे नाही. पाण्याच्या जागेत आपण घर बांधलं आणि पाण्याला दुसरी वाट ठेवली नाही, एवढंच त्याचं कारण आहे. आता तीच रीत नदी ओलांडून मळीत उतरते आहे. आधी रस्त्याकडेला मुरमाचे दोन-चार डंपर पडतात, मग पत्र्याचं शेड उभं राहतं, मग कुठे गॅरेज, कुठे हॉल. तिघांनी भराव टाकला की चौथ्याच्या रानात जास्त पाणी तुंबतं, आणि तोही भरावाला लागतो.

मळी पुराचं पाणी साठवते म्हणून ती मोकळी हवी, असं आपण सहज बोलून जातो. थोडं गणित करू. एक एकर मळीत मीटरभर पाणी उभं राहिलं तर ते साधारण ४० लाख लिटर होतं. ऐकायला खूप वाटतं. पण एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर पाणी. म्हणजे ती एक एकर मळी भरायला दीड सेकंदही लागत नाही. साठवणीच्या जोरावर मळी शहर वाचवू शकत नाही. ती वाचवते ते रुंदीच्या जोरावर. पुरात मळी हीच नदीचं दुसरं पात्र असते, पाणी तिथून पुढे सरकत असतं. ही रुंदी कमी केली की पाण्याला उंची वाढवण्याशिवाय पर्याय राहत नाही. त्यातच वारणा जोरात असली की संगमाशी कृष्णेचं पाणी अडतं आणि हरिपूरचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो. आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, तिथं पुन्हा तीच कोंडी. अशा नदीला सांगलीपाशी अरुंद करणं म्हणजे शहराने स्वतःच्या घरात पाणी ओढून घेणं आहे.

म्हणूनच शहराच्या काठाला उंच पूरसंरक्षक भिंत बांधा, ही मागणी मला पटत नाही. ती करणाऱ्यांचं दुःख खोटं नाही. मारुती चौकातल्या दुकानदाराने दोन वर्षांच्या अंतराने दोनदा माल फेकून दिला आहे. पण सांगलीच्या बाजूला भिंत झाली तर ते पाणी कुठं जाणार? समोर, वाडीत. मग वाडीलाही भिंत. मग दोन भिंतींमधलं पाणी वर कसबे डिग्रजकडे आणि खाली हरिपूर-अंकलीकडे. अहमदाबादेत साबरमतीला दोन्ही काठांनी भिंती घातल्या आणि वर फिरायला रस्ता केला, त्याचे फोटो इथं हौसेने दाखवले जातात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, कोयना, वारणा आणि खालचा फुगवटा असं सगळं ज्या नदीला सोसावं लागतं, तिच्यावर ते चित्र चिकटवता येणार नाही. रस्त्यांचंही तेच. वाडीतून जाणारा रस्ता बुडू नये म्हणून उंच करायचा तर खालून पाण्याला पुरेशा मोऱ्या नि कमानी ठेवल्या पाहिजेत, नाहीतर रस्ताच बंधारा होतो. १९२९ च्या पुलाला कमानी दिल्या गेल्या. आज भराव टाकून जोडरस्ते करताना खर्च वाचवायला पहिली कात्री पाण्याच्या वाटांनाच लागते.

आता मूळ मुद्दा. मळी मोकळी ठेवा हे सांगणं सोपं आहे, पण ठेवायची कुणी? निळी पूररेषा, म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द, नकाशावर ओढली आणि तिच्या आत बांधकाम बंद केलं. निळ्या आणि लाल, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या, रेषेच्या मधे जोतं उंच करून परवानगी. नियम म्हणून हे योग्यच आहे. पण वाडीतल्या दीड एकरवाल्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याचं रान शहराच्या हद्दीत, पुलावरून बाजारपेठेत दहा मिनिटांत पोचता येतं. पलीकडच्या काठावर गुंठ्याचा भाव ऐकून त्याचे डोळे फिरतात. त्याच्या जमिनीवर एका रेषेने कायमची फुली मारली, आणि बदल्यात दरवर्षी त्याच्या हातात काहीही ठेवलं नाही. पूर आला तर पंचनामे, याद्या, रांगा. २०१९ मध्ये शहरी पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबाला १० हजार रुपयांची मदत जाहीर झाली. वाडी शहरात मोडते, पण तिचं बुडतं ते ऊस, वैरण आणि गोठा, शहराच्या यादीत ज्यांना नीट रकाना नसतो. असा माणूस रात्री मुरमाचा डंपर रानात घेतो तेव्हा त्याला गुन्हेगार ठरवून प्रश्न मिटत नाही. शहराच्या सुरक्षेचा खर्च एकट्या त्याच्या सातबाऱ्यावर टाकणं हा अन्याय आहे, आणि अन्यायावर उभा असलेला नियम फार दिवस पाळला जात नाही.

तेव्हा मोबदला द्या. मळी सरकारजमा करू नका, शेतकऱ्याकडेच राहू द्या, पिकवू द्या. करार करा की भराव नाही, भिंत नाही, पक्कं बांधकाम नाही, नाला बुजवणं नाही, आणि त्या करारासाठी एकरी दरवर्षी ठरलेली रक्कम, पूर येवो न येवो. आयर्विनला पाणी ठरावीक पातळीच्या वर ठरावीक दिवस राहिलं की पिकाची भरपाई पंचनाम्याची वाट न पाहता थेट खात्यात. नदीला लागून असलेल्या पट्ट्यात जो ऊस सोडून दिवाळीनंतरच्या भाजीपाल्याकडे वळेल त्याला रक्कम जास्त. पैसे कुठून आणायचे, तर शहरात जे नवे मजले चढतात त्यांच्या विकास शुल्कातून. उंचावरच्या विश्रामबागेतल्या इमारतीला मळीशी काय घेणं, असं कुणी म्हणेल. बाजारपेठ बुडाली, रस्ते बंद झाले, पाण्याची योजना ठप्प झाली की विश्रामबागही टँकरच्या रांगेत उभं असतं, हे २०१९ ने दाखवलं आहे. महापालिकेकडे पैसा नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून राज्याचा वाटा लागेल. पूरनियंत्रणासाठी राज्य मोठी कर्जं काढायला तयार असतं, त्यातला थोडा भाग काँक्रीटऐवजी मोकळ्या रानावर खर्च करायला हरकत नसावी.

गावच उठवून दुसरीकडे न्या, असंही सुचवलं जातं. वाडीच्या पांढरीतल्या घरांना ते लागू करू नये. २०१९ मध्ये वाडीला पाण्याने वेढलं तेव्हा बरेच जण शेवटपर्यंत निघाले नाहीत. शहरात बसून त्यांना हट्टी म्हणता येईल. पण दावणीला चार म्हशी असलेल्या माणसाला बोटीत बसायला सांगताना म्हशींचं काय करायचं ते कुणी सांगितलं होतं? त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. माणूस वेळेत निघावा असं वाटत असेल तर आधी त्याची जनावरं निघाली पाहिजेत. उंचावर ठरवून ठेवलेली जागा, वैरणीचा साठा, ३५ फुटांनाच निघणारे ट्रक. भिंतीच्या तुलनेत याचा खर्च फारच कमी आहे, आणि वाडीतल्या माणसाला काय हवं हे विचारलं तर तो बहुधा यापासूनच सुरुवात करेल.

हे कबूल की मळीचा करार फक्त सांगलीवाडी आणि हरिपूरपुरता करून भागणार नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सगळा कृष्णाकाठ उद्या हेच मागेल, आणि मागावंच. पण सुरुवात शहराच्या दारात करायला हवी, कारण जमिनीच्या भावाचा दाब इथं सगळ्यात जास्त आहे आणि वेळ सगळ्यात कमी. पुढचा विकास आराखडा करताना या पट्ट्याला ‘हरितपट्टा’ असं गोड नाव देऊन चालणार नाही. गट नंबरानुसार त्याची यादी हवी, प्रत्येक गटात २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी किती चढलं होतं ते त्यात लिहिलेलं हवं, आणि ते लिहिताना ज्यांच्या भिंतींवर खुणा आहेत त्यांना सोबत घ्यायला हवं. तोवर निदान एक काम या पावसाळ्याआधी होण्यासारखं आहे. निळ्या रेषेच्या आत २०१९ नंतर जिथं जिथं भराव पडला, त्या प्रत्येक जागेची यादी, परवानगी कुणी दिली किंवा दिली नाही यासह, महापालिकेने सांगलीवाडीच्या चौकात लावावी.